पायांच्या हाती सुकाणू

हातांनी दिशा द्यावी आणि पायांनी गती द्यावी, ही श्रमविभागणी सायकलीच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात इतकी दृढमूल झालेली आहे की, तिच्यात काही फेरफार संभवतो ही कल्पनाही सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन वनाधिकाऱ्याने सन १८१७ मध्ये मानहाइम शहरात दोन चाकांचे जे लाकडी वाहन रस्त्यावर आणले, त्याला पायडल नव्हते आणि साखळीही नव्हती. स्वाराने दोन्ही पाय जमिनीला रेटीत जवळजवळ धावावयाचे असा तो प्रकार होता. परंतु पुढचे चाक वळविण्याकरिता हातांत धरावयाचा दांडा मात्र त्या आद्य वाहनालाही होता. पुढे वाहन बदलले, लाकडाचे लोखंड झाले, रबरी धावा आल्या, गिअर आले. दांड्यावरचा हातांचा अंमल तेवढा कोणी हलविला नाही. नेदरलँड्स आणि जर्मनी या देशांत मात्र गेल्या तीन-चार दशकांत असे एक वाहन हौशी मंडळींच्या वापरात आले आहे की, ज्यावर स्वार पाठीवर रेलून, पाय पुढे पसरून बसतो आणि वाहन डावीकडे न्यावयाचे की उजवीकडे, हे हातांनी नव्हे तर पायांनी ठरवितो. हात मांडीवर ठेवून किंवा छातीशी बांधून वळणे घेत जाणारा असा स्वार पाहिला म्हणजे प्रेक्षकाला तो कसरतपटू वाटतो. वस्तुतः तो साधाच मनुष्य असतो. मात्र त्याने आपल्या पायांना एक जास्तीचे काम शिकविलेले असते, आणि ते शिकविणे हा प्रकार सोपा नसला तरी मोठा बोधक आहे.

या सायकलीची रचना प्रथम डोळ्यांपुढे आणली पाहिजे. साध्या सायकलीचा सांगाडा एकसंध असतो व त्याच्या पुढच्या टोकाला बसविलेला चिमटा तेवढा वळतो. येथे सांगाडाच मध्ये तोडून त्याचे दोन भाग केलेले असतात. मागच्या भागात मागचे चाक आणि आसन. पुढच्या भागात पुढचे चाक, त्याच्याही पुढे व काहीसे वर क्रँक आणि पायडले, आणि त्या क्रँकपासून पुढच्याच चाकाकडे आलेली आखूड साखळी. हे दोन भाग आसनाच्या लगत पुढे, स्वाराच्या मांड्यांच्या दरम्यान, एका तिरकस बसविलेल्या आसाभोवती बिजागरीप्रमाणे फिरतात. तेव्हा स्वाराचे धड मागच्या भागाचे आणि त्याची पावले पुढच्या भागाची. दोहोंना जोडणारी दुसरी बिजागरी म्हणजे खुद्द त्याचे खुबे. पावले डावीकडे सरकली की पुढचा संपूर्ण भाग, चाकासकट, डावीकडे वळतो. पावले उजवीकडे गेली की उजवीकडे. काही नमुन्यांत पुढच्या भागाला एक मूठदांडा जोडलेला असतो, त्यामुळे हातांनाही थोडी दखल देता येते. इतर नमुन्यांत हातांच्या वाट्याला आसनाच्या बाजूंवर बसविलेले ब्रेक आणि गिअरची कळ एवढेच काय ते उरते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. पैकी पहिले म्हणजे रेलून बसण्यात काय लाभ आहे, हे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या शक्तीचा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा शरीर आडवे करून वाऱ्यासमोरचे क्षेत्र कमी केले, तर त्याच स्नायूंकडून अधिक वेग मिळतो, हे गणित उघड आहे. शार्ल मोशे या फ्रेंच कारागिराने ते प्रत्यक्षात सिद्ध करून दाखविले. त्याने बनविलेल्या ‘वेलोकार’ नामक रिकंबंट, म्हणजे रेलून चालवावयाच्या, सायकलीवर बसून फ्रान्सिस फॉर या दुय्यम श्रेणीच्या समजल्या जाणाऱ्या शर्यतपटूने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले आणि ऑस्कर एग याने सन १९१४ मध्ये नोंदविलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. दुय्यम श्रेणीच्या स्वाराने एगसारख्या मातब्बर शर्यतपटूला मागे टाकावे, यावर खळबळ माजणे अपरिहार्य होते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सन १९३४ मध्ये सायकलीच्या व्याख्येलाच नवी कलमे जोडून असली वाहने शर्यतींतून बाद ठरविली. मोशे त्याच वर्षी मरण पावला.

या निर्णयाने रिकंबंट सायकलीचे व्यापारी भवितव्य काही दशकांपुरते संपुष्टात आले. परंतु त्याची एक दुसरी निष्पत्तीही झाली, आणि ती माझ्या मते अधिक लक्षणीय आहे. शर्यतीसाठी बनणाऱ्या सायकली नियमांच्या चौकटीत बसाव्या लागत असल्यामुळे त्यांचा आकार जवळजवळ गोठून गेला. उलट जातीबाहेर टाकलेल्या रिकंबंटवर कोणाचीही हुकमत उरली नाही, आणि सन १९७५–७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांच्या मुक्त स्पर्धा व त्यांची संघटना सुरू झाली, तेव्हा या क्षेत्रात जो तो आपल्या कल्पनेप्रमाणे वाहने घडवू लागला. कोणी दोन्ही हातांचे दांडे आसनाखाली नेले, कोणी चाके लहानमोठी केली, कोणी वाहनाला माशाच्या आकाराचे कवच चढविले. पायांनी वळणारी सायकल ही अशाच अनियंत्रित वातावरणातील निर्मिती होय. नेदरलँड्समध्ये आयसेल सरोवराचा तळ सन १९५७ मध्ये कोरडा करून जी जमीन मिळविली गेली, तिच्यावर वसलेल्या ड्रॉन्टेन या गावी ‘फ्लेवोबाइक’ या नावाने तिचा एक नमुना तयार होऊ लागला. आणि सन २००० नंतर जर्मनीतील हौशी घडवय्यांनी ‘पायथॉन’ या नावाचा, फार ठेंगणा व फार लांब असा दुसरा नमुना विकसित करून त्याची तपशीलवार मोजमापे कोणालाही वापरता यावीत म्हणून खुली ठेवली. बहुतेक पायथॉन सायकली कारखान्यात नव्हे, तर घरामागच्या खोपटात, जुन्या सायकलींच्या नळ्या कापून व सांधून जन्मास आलेल्या आहेत.

दुसरे उत्तर साखळीच्या लांबीचे. रेलून बसलेल्या स्वाराची पावले वाहनाच्या पुढच्या टोकाशी असतात आणि मागचे चाक त्याच्या पाठीमागे. तेव्हा मागच्या चाकाला गती द्यावयाची तर साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब साखळी आसनाखालून, कप्प्यांवरून, नळकांड्यांतून न्यावी लागते. तिचे वजन, तिची घर्षणे, तिचे वंगण हा सगळा व्याप टाळावयाचा असेल तर पुढचे चाक पायडलांच्या अगदी लगत आहेच. त्यालाच गती द्यावी हे उघड दिसते. मात्र पुढचे चाक वळते. सांगाड्याला स्थिर असलेल्या क्रँकपासून वळत्या चाकाकडे साखळी नेली तर ती प्रत्येक वळणावर पिळवटणार. या अडचणीतून निघण्याचा सरळ मार्ग म्हणजे चाकाबरोबर क्रँकही वळू द्यावी. आणि क्रँक वळली म्हणजे तिच्यावर ठेवलेली पावलेही वळणारच. तेव्हा पायांनी दिशा देण्याची कल्पना कोणाच्या विक्षिप्त लहरीतून निघालेली नसून आखूड साखळीच्या हिशेबातून निघालेली आहे.

येथे सायकलीच्या इतिहासातील एक अर्धविस्मृत पर्व स्मरावेसे वाटते. सन १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कर्मशाळेतून जी वाहने बाहेर पडली, त्यांची पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसालाच बसविलेली होती. आणि त्यानंतर इंग्लंडात प्रचलित झालेल्या, पुढचे चाक पुरुषभर उंच असलेल्या सायकलीतही तीच व्यवस्था कायम राहिली. या वाहनांवर उजव्या पायाने जोर दिला की तेच चाक एका बाजूला ओढले जाई, डाव्या पायाने दिला की दुसऱ्या, आणि स्वाराच्या हातांना प्रत्येक रेट्याचे निवारण करीत राहावे लागे. जॉन केंप स्टार्ली याच्या सन १८८५ च्या ‘रोव्हर’ सायकलीने साखळी मागच्या चाकाला जोडली आणि पायांचा पुढच्या चाकाशी असलेला हा संबंध कायमचा तोडला. त्या सुधारणेचे कौतुक करताना चाके समान झाली, पडण्याची भीती गेली, हे आपण सांगतो. गती देणारे अवयव आणि दिशा देणारे अवयव यांची पूर्ण फारकत झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. पायांनी वळणारी सायकल शिकणाऱ्याला मात्र ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. कारण रोव्हरने मिटविलेला तो जुना तंटा या सायकलीने पुन्हा उकरून काढला आहे, आणि तोही निवाडा करणारे हात दूर सारून.

तंटा नेमका असा आहे. उजव्या पायाने पायडल पुढे रेटले की तो जोर सांध्याच्या आसापासून काही अंतर उजवीकडे लागू होतो, आणि त्यामुळे पुढचा भाग डावीकडे वळू पाहतो. डाव्या पायाचा जोर त्याला उजवीकडे वळवू पाहतो. मिनिटाला साठ फेऱ्यांच्या सावकाश लयीनेही प्रत्येक सेकंदात असा एक डावा आणि एक उजवा हेलकावा उत्पन्न होतो. ताशी दहा किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे पावणेतीन मीटर पुढे सरकते. म्हणून नवशिक्याची सायकल ओल्या वाळूतून गेली तर तिच्या चाकाची रेघ दर पावणेतीन मीटरांना एक पूर्ण वळसा घेतलेली आढळेल. हे हेलकावे मोडावयाचे तर ज्या क्षणी उजवा पाय पुढे रेटतो त्याच क्षणी दोन्ही पायांच्या खुब्यांतील स्नायूंनी पावलांना किंचित उजवीकडे दाबून धरले पाहिजे, आणि अर्ध्या सेकंदाने नेमके उलट केले पाहिजे. पायाच्या लांबीच्या दिशेने ढकलणे हे एक काम आणि पायाला आडवे धरून ठेवणे हे दुसरे. एकाच अवयवाने, एकाच वेळी, परंतु वेगवेगळ्या स्नायूंनी ती दोन्ही करावयाची. हात आणि पाय यांच्यांत शतकापूर्वी झालेली वाटणी आता पायाच्या आतच, मांडीचे स्नायू आणि खुब्याचे स्नायू यांच्यांत, पुन्हा करून घ्यावी लागते. हे शिकणे म्हणजे मुख्यतः ही नवी वाटणी होय. तोल सांभाळणे त्याच्या मागाहून येते.

तोलाचा प्रश्न गौण आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. उभी काठी तळहातावर तोलून धरणे जमते, पण पेन्सिल तशी तोलता येत नाही, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. कारण जितकी वस्तू ठेंगणी तितकी ती लवकर कोलमडते. या कोलमडण्याचा एक काळ पदार्थविज्ञानाने ठरवून दिलेला आहे: गुरुत्वमध्याच्या उंचीला गुरुत्वत्वरणाने भागून त्याचे वर्गमूळ घ्यावे. साध्या सायकलीवर बसलेल्या मनुष्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटर उंच धरला तर हा काळ सेकंदाचा एक तृतीयांश येतो, आणि तेवढ्या अवधीत सुरू झालेला कल सुमारे पावणेतीन पट होतो. पायथॉनसारख्या ठेंगण्या सायकलीवर गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरांच्या आसपास असला तर तोच काळ पाव सेकंदाहूनही कमी भरतो. म्हणजे चूक सुधारण्यास मिळणारी मुदत तिसऱ्या हिश्श्याने घटली. शिवाय साध्या सायकलीवर स्वार कंबर हलवून, धड झुकवून तोलाला थोडी मदत करू शकतो. आसनात पाठ टेकून पडलेल्याला ती सोय नाही. एकच दिलासा असा की, ज्या ठेंगणेपणामुळे पडणे लवकर घडते त्याच ठेंगणेपणामुळे पडण्याची उंची वीतभर-दोन वीत एवढीच असते, आणि बाजूला हात टेकला की बहुधा भागते.

सायकल मुळात उभी का राहते, या प्रश्नाचा इतिहासही येथे प्रस्तुत आहे. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती तोल सांभाळते अशी एक समजूत दीर्घकाळ रूढ होती. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने सन १९७० मध्ये ‘फिजिक्स टुडे’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात तिची परीक्षा घेतली. कोणालाही चालविता येऊ नये अशी सायकल मुद्दाम घडविण्याचा त्याचा उपक्रम होता. पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे आणखी एक चाक बसवून त्याने भोवऱ्याचा गुण नाहीसा केला, तरी सायकल विनासायास चालली. मग त्याने पुढचे चाक चार इंच पुढे सरकविले, तेव्हा मात्र ती चालविणे अतिशय बिकट झाले. साध्या सायकलीत चिमट्याच्या आसाची रेषा खाली वाढविली तर ती जमिनीला जेथे मिळते, त्याच्या काही सेंटिमीटर मागे चाक जमिनीला टेकलेले असते. या मागे राहण्यामुळेच चाक आपोआप सरळ होत राहते, आणि तेच स्थैर्याचे रहस्य, असा जोन्सचा निष्कर्ष होता. तोही पुढे अपुरा ठरला. सन २०११ मध्ये डेल्फ्ट व कॉर्नेल येथील विद्यापीठांशी संबंधित संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका चिमुकल्या वाहनाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात भोवऱ्याचा गुण रद्द केलेला होता आणि चाक आसाच्या रेषेच्या मागे नव्हे, तर किंचित पुढे टेकत होते. तरीही स्वारावाचून ढकलून दिल्यावर ते आपला तोल आपणच सावरीत पुढे जाई. वजनांची मांडणी अशी असावी की वाहन कलू लागताच पुढचे चाक कललेल्या बाजूला वळावे, एवढीच त्यातली खरी गोम. ते कोणत्या साधनाने वळते याला दुय्यम महत्त्व.

पायथॉनमध्ये चाक आसाच्या रेषेच्या पुढे टेकते, आणि थोडेथोडके नव्हे, चांगलेच पुढे. जोन्सच्या सायकलीवरून पाहता हे वाहन चालूच नये. पण त्यात दुसरी एक युक्ती आहे. साध्या सायकलीचा दांडा वळविला की तिचा पुढचा भाग अगदी किंचित खाली उतरतो. पायथॉनमध्ये उलट, सांधा वळला की तिरकस आसामुळे आसन आणि त्यावरचा स्वार किंचित वर उचलला जातो. साहजिकच स्वाराचे स्वतःचे वजन सांध्याला परत मध्यावर आणू पाहते. येथे स्प्रिंग नाही. मनुष्याचा भार हीच स्प्रिंग. स्वार जितका जड तितके हे मध्यावर येणे जोरकस, ही गोष्ट घडविणाऱ्याने हिशेबात धरलेली असते. अनुभवी स्वार सांगतात की, सांध्याला त्याच्या मनाप्रमाणे फिरू दिले, पाय सैल ठेवले, तर ही सायकल जवळजवळ आपली आपण चालते. नवशिक्याला नेमके तेवढेच साधत नाही.

का साधत नाही, याचे एक कारण रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सांगून ठेवले आहे. शरीराला हालचालींचे इतके पर्याय उपलब्ध असतात की, अपरिचित काम अंगावर पडताच शिकणारा त्यांतील बहुतेक सांधे ताठ आवळून धरतो आणि मोजक्याच सांध्यांनी काम उरकू पाहतो. कौशल्य वाढत जाते तसे हे आवळलेले सांधे एकेक करून मोकळे होतात. पायांनी वळणाऱ्या सायकलीवर हे आवळणे विशेष घातक ठरते, कारण आवळलेला खुबा म्हणजे आवळलेले सुकाणू. सांधा मोकळा असता तर कलणाऱ्या बाजूला चाक वळून तोल सावरला गेला असता; घाबरलेल्या मांड्यांनी तो धरून ठेवला की वाहन जसे कलते तसेच पडते. भीतीने पाय आवळावेत, आवळल्याने पडावे, पडल्याने भीती वाढावी, असे हे चक्र असते.

दुसरे कारण हातांचे. ज्याला सायकल येतच नाही अशा माणसापेक्षा ज्याला ती चांगली येते त्याचीच येथे अधिक अडचण होते. कारण तोल जाऊ लागला की त्याचे हात कोणाचीही अनुज्ञा न घेता कामाला लागतात. मूठदांडा पुढच्या भागाला जोडलेला असेल तर हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढतात. मुठी आसनाला जोडलेल्या असतील तर हात निष्फळ जोर करीत खांदे आखडून टाकतात, आणि तो ताठरपणा पाठीतून खाली खुब्यांपर्यंत उतरतो. सायकल चालविताना आपण नक्की काय करतो याचे ज्ञान आपल्याला नसते, हाही यातला एक भाग आहे. डेटन शहरात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर याला असे आढळले होते की, डावीकडे वळण्यापूर्वी प्रत्येक स्वार क्षणभर दांडा उजवीकडे देतो, त्यामुळे वाहन डावीकडे कलते आणि मग वळण घडते. परंतु ज्यांना विचारावे ते सगळे आपण सरळ डावीकडेच वळविले असे सांगत. जे ज्ञान आपल्याजवळ आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ते बुद्धिपुरःसर बाजूला कसे ठेवावे? हातांना गप्प राहण्याचा हुकूम देता येतो. त्याची तामील मात्र सहसा होत नाही. म्हणून या सायकलीचे जाणकार एक साधा उपाय सुचवितात: ब्रेकपुरती बोटे टेकवून बाकी हात ढिले सोडावेत, गुणगुणावे, गप्पा माराव्यात, पण हातांना काम म्हणून देऊ नये.

प्रत्यक्ष शिकण्याची रीत थोडक्यात अशी. रुंद, मोकळी, किंचित उताराची जागा निवडावी, म्हणजे प्रारंभी पायडल मारण्याची गरज पडत नाही आणि दोन कामांपैकी एक तहकूब राहते. दोन्ही पावले पायडलांवर नुसती ठेवून उताराने घरंगळत जावे आणि पावले डावीकडे-उजवीकडे झुलवून वाहन कसे वळते याची ओळख करून घ्यावी. ती पटल्यावर मग पायडल मारणे. गिअर हलका असावा, कारण प्रत्येक रेट्याचा जोर कमी तर त्याने उत्पन्न होणारा हेलकावाही कमी. मात्र इतका हलका नव्हे की वाहन चालण्याच्या वेगानेच रखडावे, कारण अतिमंद वेगात चाक वळविल्याने तोल सावरला जात नाही. नजर दूर ठेवावी. हा उपदेश सर्वच सायकलींना लागू असला तरी येथे त्याला विशेष कारण आहे: वाहनाचा अर्धा भाग, आपल्याच गुडघ्यांसह, डोळ्यांपुढे सतत डावीकडे-उजवीकडे झुलत असतो, आणि त्याच्याकडे पाहणारा प्रत्येक झुलण्याला उत्तर देऊ लागतो, जे देण्याची गरज नसते.

निघणे हा या विद्येतील सर्वांत अवघड प्रसंग. एक पाय जमिनीवर आणि एक पायडलवर, वेग शून्य, आणि पहिलाच रेटा सर्वांत जोराचा. तेव्हा उजव्या पायाने निघणाऱ्याचा पुढचा भाग लगेच डावीकडे फिरतो. अनुभवी स्वार म्हणूनच चाक आधीच किंचित उजवीकडे देऊन ठेवतात आणि पहिला रेटा ते सरळ करण्यात खर्च होऊ देतात. एक सूचना मात्र काटेकोर पाळली पाहिजे: वाहन चालू असताना पाऊल जमिनीला टेकू नये. साध्या सायकलीवर ही सवय निरुपद्रवी असते; येथे पाऊल पुढे आणि शरीर मागे असल्याने टेकलेले पाऊल जागीच राहते आणि वाहन त्याच्यावर चालून येते, त्यात घोटा किंवा गुडघा जबर दुखावतो. पडावयाचेच असेल तर पाय पायडलांवर ठेवून आडवे व्हावे. पायडलला जखडून राहणारे बूट या दृष्टीने पुढे फार उपयोगी पडतात, कारण पाऊल घसरत नाही आणि पायाला ढकलण्याबरोबर ओढताही येते. पण प्रारंभी ते घालण्याचे धैर्य थोड्यांनाच होते.

आपल्याकडे पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात मुले मोठ्यांची सायकल तासाच्या बोलीने भाड्याने आणून, नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत शिकत, आणि मागून आसन धरून धावणारा कोणी वडीलधारा असे. पायांनी वळणाऱ्या सायकलीला असा धावणारा साहाय्यक फारसा उपयोगी नाही. त्याने आसन धरले की मागचा भाग कलावयाचा थांबतो, आणि ज्या कलण्याला उत्तर द्यावयास शिकावयाचे तेच नाहीसे होते. आणि स्पष्टच बोलावयाचे तर आपल्या रस्त्यांवर या वाहनाची शिफारस मी करणार नाही. मालमोटारीच्या चालकाच्या नजरेच्या कितीतरी खाली स्वाराचे मस्तक असते, आणि दर शंभर पावलांवरचा गतिरोधक ठेंगण्या सांगाड्याच्या पोटाला लागेल. ड्रॉन्टेनच्या परिसरात जमीन सपाट आहे आणि सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आहेत. हे वाहन तेथे वाढले यात नवल नाही. चढावर त्याची आणखी एक उणीव उघडी पडते: चढताना भार मागच्या चाकाकडे सरकतो, आणि गती देणारे पुढचे चाक ओल्या किंवा वाळूच्या रस्त्यावर घसरू लागते.

हे कौशल्य एकदा अंगी मुरले म्हणजे ते कोठे साठते, याविषयी मेंदूविज्ञानाला बरेच काही सांगता येते. सन १९५३ मध्ये शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाची नव्या घटना स्मरणात ठेवण्याची शक्ती नष्ट झाली. तरी ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे अवघड काम त्याला तीन दिवस दिले, तेव्हा त्याचा हात रोज सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केले असल्याचे मात्र त्याला एकदाही आठवले नाही. घटनांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती यांची दफ्तरे वेगळी आहेत, हे यावरून सिद्ध झाले. कौशल्याच्या दफ्तरात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. तेथील नोंद शब्दांनी होत नाही, वारंवारतेने होते. म्हणूनच ही सायकल समजावून घेऊन येत नाही, आणि या लेखाचा वाचकही, सांध्याचा आस आणि आसनाचे उचलले जाणे हे सारे नीट समजल्यानंतर, पहिल्या दिवशी पडेलच.

एक शंका राहते: पायांची सायकल शिकल्यावर हातांची विसरते काय? डेस्टिन सँडलिन या अमेरिकन अभियंत्याने सन २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या सायकलीचा दांडा दंतचक्रांनी असा जोडलेला होता की, तो डावीकडे फिरविला की चाक उजवीकडे वळे. रोज थोडा वेळ सराव करून त्याला ती साधण्यास आठ महिने लागले, त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे. आणि त्यानंतर अॅमस्टरडॅममध्ये तो साध्या सायकलीवर बसला, तेव्हा ती त्याला येईना, सुमारे वीस मिनिटांच्या धडपडीनंतर ती एकाएकी परत आली. तेथे एकाच अवयवाला, त्याच प्रसंगी, दोन परस्परविरोधी उत्तरे शिकावयाची होती, म्हणून जुने आणि नवे यांची टक्कर झाली. पायांनी वळणाऱ्या सायकलीत तशी टक्कर नाही. बसणे वेगळे, दृष्टीपुढचे चित्र वेगळे, आणि उत्तर देणारा अवयवही वेगळा. हे स्वार सकाळी आडव्या सायकलीवरून फिरून येतात आणि दुपारी उभ्या सायकलीवर टांग टाकून मंडईत भाजी आणावयास जातात, आणि त्यांपैकी कोणत्याही वेळी त्यांना थांबून विचार करावा लागत नाही.